नोंदवहीतले साप-बेडकांचे पान नव्याने लिहा

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समिती,
महाराष्ट्रातल्या सर्व ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महानगरपालिका

विषय : घराजवळचे सरपटणारे प्राणी व उभयचर यांची लोक जैवविविधता नोंदवहीत छायाचित्रांसह नव्याने नोंद करण्याबाबत.



तुमच्या कार्यालयाच्या कपाटात लोक जैवविविधता नोंदवही असेल. हे पत्र वाचून झाले की ती बाहेर काढा आणि सरपटणारे प्राणी व उभयचर यांचे पान उघडा. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या वह्या मी चाळल्या आहेत. त्या पानावर नाग, धामण, घोणस, अजगर, सरडा, पाल अशी पाच-सात नावे असतात आणि उभयचरांच्या रकान्यात नुसता ‘बेडूक’ असतो. तो भातखाचरातला की झाडावरचा, कातळावरच्या डबक्यातला की विहिरीच्या कपारीतला, याचा पत्ता नसतो. शेजारच्या गावाची वही उघडावी तर तीच नावे, त्याच क्रमाने. पहिल्या पावसाच्या रात्री ज्या गावात बेडकांच्या आवाजाने झोप लागत नाही, त्या गावाच्या वहीत बेडकाच्या वाट्याला एक शब्द आला आहे.

असे का झाले, हे तुम्हालाही ठाऊक आहे. २००२च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला अशी समिती नेमायला सांगितले आणि लोकांशी बोलून नोंदवही तयार करणे हे समितीचे मुख्य काम ठरले. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना मांडली, तेव्हा तिचा गाभा सरळ होता : आपल्या परिसरातल्या सजीवांबद्दल गावाला जे ठाऊक आहे, ते गावाने स्वतः लिहून ठेवायचे. पुढे बरीच वर्षे देशभर हे काम रखडले. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि ती न पाळणाऱ्या राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग धावपळ झाली. मुदत गाठायची म्हणून वह्या भरल्या गेल्या, पण गाव वहीत यायचे राहून गेले.

कोणाला बोल लावायला मी हे लिहीत नाही. नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवायची नसते, ती वेळोवेळी पडताळून अद्ययावत करायची असते. तेही तुमच्याच कामात येते. म्हणून मागणे घेऊन आले आहे. येत्या पावसाळ्यात हे एक पान नव्याने लिहा, आणि गावातल्या माणसांनी आपापल्या घराजवळ काढलेल्या फोटोंवरून लिहा.

हेच पान का, असे तुम्ही विचाराल. वाघ-बिबट्यांची गणना वनखाते करते. पक्ष्यांच्या नोंदी करणारे हौशी लोक आता गावोगाव आहेत. साप, पाली, सरडे, बेडूक मात्र आपल्या अंगणात, न्हाणीत, गोठ्यात, गडग्यात राहतात आणि त्यांना रोज पाहणारी माणसे म्हणजे घरातलीच माणसे. जळणाची लाकडे काढणाऱ्या बाईला नानेटी दिसते, पंप सुरू करायला गेलेल्या शेतकऱ्याला विहिरीत दिवड दिसतो, शाळेच्या वाटेवर पोरांना सापसुरळी दिसते. कुठल्याही संशोधकाला वर्षभर राहूनही एवढे पाहायला मिळणार नाही. पण हे दिसणे आरडाओरड्यात सुरू होते आणि पुष्कळदा काठीने संपते. आता काठी उचलणाऱ्या त्याच घरात फोनही असतो, आणि फोनने काय होऊ शकते ते मी पाहिले आहे.

गेल्या पावसात आमच्या वाडीतल्या एका घरी रात्री न्हाणीच्या भिंतीवर साप दिसला. तपकिरी अंग, त्यावर पांढुरके आडवे पट्टे. मण्यार म्हणून घरच्यांनी काठी घेतली. नववीतल्या मुलीने दारातूनच दोन फोटो काढले आणि मला पाठवले. फोटो मोठा करून पाहिला. पट्टे मानेपासूनच सुरू झाले होते, पुढच्या अंगावर ठळक होते आणि शेपटीकडे विरत गेले होते. मण्यारीचे नेमके उलटे असते. तिचे अंग काळे, चकचकीत. पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, मानेमागे थोडी जागा सोडून सुरू होणारे आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहणारे. पाठीच्या मधोमध षटकोनी मोठ्या खवल्यांची एक ओळ असते, ती चांगल्या फोटोत दिसते. भिंतीवरचा साप कवड्या होता. बिनविषारी, पालींच्या मागे भिंत चढून आलेला. न्हाणीचे बाहेरचे दार उघडे ठेवले, आतले लावून घेतले, दिवा मालवला. सकाळी तो गेलेला होता. आता त्या घरात काही दिसले की पहिले वाक्य ‘लांब राहा, फोटो काढ’ हे असते. ओळख पटली नाही तर साप विषारीच धरायचा आणि जाणकाराला बोलवायचे, हेही तिथे सगळ्यांना पाठ आहे.

नोंदवहीचे पान घरोघर हे करू शकते. आपल्या गावात कोणकोणते साप आहेत, त्यातले जिवावर बेतणारे कोणते आणि निरुपद्रवी कोणते, हे शेजारच्याच घरात काढलेल्या फोटोंतून जितके पटते, तितके छापील तक्त्यातून पटत नाही.

शास्त्रालाही अशा फोटोंनी भर घातली आहे. २०२०च्या टाळेबंदीत विरेंदर भारद्वाज हा विद्यार्थी हिमाचल प्रदेशात चंबा जिल्ह्यातल्या आपल्या घरी परतला होता. घराच्या परिसरात दिसणाऱ्या प्राण्यांचे फोटो तो इन्स्टाग्रामवर टाकू लागला. त्यातला कुकरी गटातला एक साप झीशान मिर्झा या संशोधकांच्या नजरेस पडला. पुढे अभ्यास झाला आणि २०२१ साली तो साप नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला. तिथल्या चुराह खोऱ्यावरून त्याचे नाव ओलिगोडॉन चुराहेन्सिस. जाहीर करणाऱ्यांत भारद्वाज यांचेही नाव आहे.

आपल्याकडे तर गावेच्या गावे शास्त्रीय ग्रंथांत जाऊन बसली आहेत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारा सरडा आहे. २०१६ साली त्याचे सरडा सुपर्बा असे नामकरण झाले. त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत आणि तिथल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी झाले होते, आणि खाणारे कमी झाल्यामुळे सरड्यांची संख्या वाढली होती. कोण वाढले, कोण घटले आणि कशामुळे, हे सांगता येते ते कोणीतरी आधी नोंद ठेवलेली असते म्हणून. आंबोलीच्या नावाची एक छोटी पाल आहे, कोयनेच्या नावाचा एक टोड आहे. अंगठ्याएवढा आंबोली टोड २००९ साली स्वतंत्र प्रजाती म्हणून ओळखला गेला. पावसाळ्याच्या सुरुवातीला ओल्या कातळावर साचलेल्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते. जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांत त्याची गणना आहे आणि त्याच्या विणीची जागा म्हणजे माणसांच्या येण्या-जाण्यातला कातळ.

देवगांडुळाचे उदाहरण तर तुमच्या उकिरड्यातले आहे. हा बिनपायांचा उभयचर, बेडकाचा नातेवाईक. दिसतो गांडुळासारखा, पण त्याला कणा असतो, जबडा असतो, दात असतात. ओल्या मातीत, शेणखताच्या ढिगाखाली तो राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावावरून २००३ साली एका देवगांडुळाची शास्त्रीय नोंद झाली, तिला गेजेनिओफिस शेषाचारी हे नाव मिळाले. खंडाळ्यावरून, आंबोलीवरून अशा आणखी प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. खत उपसताना फावड्याखाली येणारा हा प्राणी बहुतेकांना गांडूळ वाटतो, काहींना वाळा साप वाटतो, आणि तो तसाच फेकला जातो. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या समित्यांनो, तुमच्या वहीत देवगांडूळ आहे का ते पाहा. नसेल, तर या पावसात खत उपसणाऱ्यांना फोन जवळ ठेवायला सांगा.

आता दुसरे मागणे. ते मान्य नसेल तर पहिलेही मान्य करू नका, असे मी म्हणेन. प्राण्याला हात लावून काढलेला एकही फोटो वहीत घेऊ नका.

वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. मारणे तर शिकार आहेच, पण पकडणे, सापळ्यात अडकवणे, हुसकावणे हेही तिच्यात येते. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेसुद्धा येते. गळ्यात धामण घालून, नागाच्या फणीला तोंड लावून, घोणस शेपटीने उचलून काढलेले व्हिडिओ आज फोनवर हजारोंनी फिरतात. त्यापायी किती तरुण जिवाला मुकले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. गावाच्या अधिकृत वहीत तसे एक जरी चित्र चिकटवले गेले, तरी पोरांना त्याचा अर्थ एकच लागतो : असेच करायचे असते.

हात न लावता काढलेल्या फोटोतही उपद्रव होऊ शकतो. पावसाळ्यात घाटमाथ्याच्या गावांत शनिवार-रविवारच्या रात्री विजेऱ्या घेतलेले घोळके फिरतात. चापडा हा हिरवा विषारी साप एकाच फांदीवर तासन्‌तास, कधी अनेक रात्री बसून भक्ष्याची वाट पाहतो. कोणीतरी त्याला काठीने उचलून शेवाळलेल्या, ‘छान दिसणाऱ्या’ फांदीवर ठेवतो. पाच-सहा फ्लॅश उडतात. दुसऱ्या रात्री साप तिथे नसतो, आणि त्याची शिकारीची जागाही गेलेली असते.

मलबार उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर पानांत फेसाचा पांढरा गोळा करतो आणि त्यात अंडी घालतो. वाडीतल्या टाकीवर, हौदावर आलेल्या फांदीवरही असे गोळे दिसतात. अंडी फुटली की पिल्ले थेंबाथेंबाने खालच्या पाण्यात पडतात. मादीने फांदी निवडलेली असते ती खालचे पाणी पाहून. फोटोसाठी ती फांदी ओढून बाजूला बांधली, तर पिल्ले दगडावर पडतात आणि उन्हात सुकतात. फोटो काढणाऱ्याला हे कळतही नाही, कारण तोवर तो घरी पोहोचलेला असतो.

बेडकाची कातडी ओली असते, कारण त्या कातडीतून तो पाणी घेतो आणि श्वासही घेतो. आपल्या हातावरचे डास पळवायचे मलम, साबण, घाम, मीठ त्याच कातडीतून त्याच्या अंगात जाते. काइट्रिड नावाच्या बुरशीने जगभर बेडकांच्या अनेक प्रजाती संपवल्या आहेत. ती पश्चिम घाटातही आढळली आहे. एका ओढ्यातला चिखल बुटाला लागून दुसऱ्या ओढ्यात जाऊ नये, एवढी काळजी फिरणाऱ्यांनी घ्यायला हवी. एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट ब्रशने घासून, धुऊन, वाळवून घ्यावेत. दगड उलटून त्याखाली काय आहे ते पाहण्याचा मोह तर टाळावाच. दगडाखालची ओल हेच कोणाचे तरी घर असते, आणि दगड जसाच्या तसा परत बसत नाही.

मग फोटो काढायचा कसा? साप दिसला तर निदान दोन मीटर लांब उभे राहायचे, फोनचे झूम वापरायचे, आणि त्याची निघून जायची वाट आपण अडवलेली नाही ना हे आधी पाहायचे. पूर्ण अंग दिसेल असा एक फोटो, मधल्या अंगाची नक्षी दिसेल असा एक, आणि डोके जसे दिसेल तसा एक. एवढे पुरते. सापाने तोंड वळवावे म्हणून खडा मारायचा नाही. पाल-सरड्याची पाठ आणि जमले तर गळा घ्यावा. बेडकाचा बाजूने काढलेला फोटो सर्वांत कामाचा : डोळा, त्यामागची कानाची चकती, पायाच्या बोटांची टोके. बोटांना गोल चकत्या असतील तर तो बहुधा झाडावर किंवा खडकावर चढणारा.

बेडकाच्या बाबतीत फोटोहूनही उपयोगी गोष्ट म्हणजे आवाज. नराची साद प्रत्येक प्रजातीची वेगळी असते. अंधारात एक पाऊलही पुढे न टाकता, खिडकीत बसून, अर्ध्या मिनिटाचा आवाज फोनवर टिपता येतो. वेगवेगळ्या रात्रींचे असे आवाज जमले की तुमच्या गावात किती प्रकारचे बेडूक आहेत याचा अंदाज जाणकार देऊ शकतात. पहिल्या जोरदार पावसानंतर खाचरात उतरणारा मोठा बेडूक तुम्ही पाहिला असेल. एरवी मातकट हिरवा असलेला नर त्या दिवसांत पिवळाजर्द होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. ही त्याची वर्षातली एकच वीण. तेव्हा विजेरीचा झोत त्याच्यावर रोखून धरू नये. दिवसा, बांधावरून, लांबून फोटो मिळतो.

फोटोखाली पाच गोष्टी लिहाव्यात : तारीख, वेळ, जागा कशी होती, पाऊस होता की ऊन, आणि पाहणाऱ्याने त्या प्राण्याला कोणते नाव दिले. हे शेवटचे विसरू नका. दिवडाला कुठे विरोळा म्हणतात, मांडुळाला कुठे दुतोंड्या. जुन्या माणसांना ठाऊक असलेली आणखी कितीतरी नावे कुठल्याच पुस्तकात नाहीत. नावाबरोबर समजुतीही लिहा आणि शेजारी खरे काय तेही लिहा. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते असे गावोगाव सांगतात. सापाला दूध ओढून पिता येत नाही. गोठ्यात धामण येते ती पेंढ्यातल्या आणि भुश्यातल्या उंदरांसाठी. हे एक वाक्य वहीत आले आणि ग्रामसभेत वाचले गेले, तर दरवर्षी काही धामणी तरी वाचतील.

तिसरे मागणे गुप्ततेचे. ज्यांचा व्यापार चालतो अशा प्राण्यांचे नेमके ठिकाण जाहीर करू नका. गुप्तधन मिळते, काळी जादू साधते अशा खोट्या गोष्टी पसरवून मांडुळाची तस्करी होते. या प्रकरणांत राज्यात कितीदा तरी माणसे पकडली गेली आहेत. घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हाताजोडी’ नावाची मुळी म्हणून विकले जाते. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला वाघाइतकेच संरक्षण आहे. तरीही एखाद्याने हौसेने टाकलेल्या फोटोत वाडी, ओढा, पारावरचे देऊळ ओळखू आले, तर शोधणारा तिथवर पोहोचतो. फोनच्या फोटोत ठिकाणाची माहितीही आपोआप साठते, ती बंद करता येते. आयनॅचरलिस्ट या जगभरच्या नोंद-व्यवस्थेत संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकले जाते. तीच रीत वहीत पाळा. समितीच्या प्रतीत सर्व्हे नंबर असू द्या, पण लोकांना दाखवायच्या प्रतीत गावाचे नाव पुरे.

पान लिहून झाले की त्याच्या पाठीमागे आणखी एक मजकूर असावा, असे मला फार वाटते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू पावसाळ्यातले, आणि बहुतेक खेड्यांतले. केंद्र सरकारने २०२४ साली कृती आराखडा जाहीर करून २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. साप वाचवा म्हणणाऱ्याने ही माणसे विसरून चालणार नाही. ज्या घरातले माणूस पान लागून गेले, त्या घराला सापाचे महत्त्व सांगायचा अधिकार आपल्याला तेव्हाच, जेव्हा पुढचे माणूस वाचेल अशी सोय आपण केली असेल.

म्हणून पाठीमागच्या मजकुरात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे फोटो असावेत. आपल्याकडचे प्रतिविष या चौघांच्याच विषावर बनते. प्रतिविष ठेवणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, रात्री तिथे डॉक्टर असतो का, गाडी कोणाची मिळेल, हे लिहावे. आणि ठळक अक्षरांत हे : दंश झाला की करकचून बांधू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग स्थिर ठेवून थेट रुग्णालयात न्या. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागले किंवा पापण्या जड झाल्या, तरी त्याकडे काणाडोळा करू नये. दंशानंतर सापामागे फोटोसाठी धावायचे नाही आणि त्याला मारून रुग्णालयात न्यायचेही नाही. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात.

आपल्या मुलखात सापांची मोजदाद याआधीही झाली होती. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, आणि मेलेली फुरसी मोजली जात. प्रचंड संख्येने ती मारली गेली. आज दीडशे वर्षांनी कोकणच्या कातळावर फुरसे आहे ते आहेच. बेडकांचेही तसेच. त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवण्यासाठी भारतातून बेडूक टनावारी पकडले गेले. मुंबईच्या हुमायून अब्दुलाली यांच्यासारख्या निसर्ग अभ्यासकांनी, शेतातल्या किडीवर जगणारा बेडूक शेतकऱ्याच्या किती कामाचा आहे हे वर्षानुवर्षे मांडले, आणि १९८७ साली ही निर्यात बंद झाली. आज जगातल्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के आणि सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी सुमारे २१ टक्के प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. मेलेल्यांची मोजदाद आपण करून पाहिली, आता जिवंतांची करू.

शहरांतल्या समित्यांनी हे गावांचे काम समजू नये. पुण्याच्या टेकड्या, मुंबईतली आरे वसाहत, प्रत्येक शहरातले ओढे-नाले आणि पडक्या विहिरी इथे हीच जनावरे राहतात. सोसायटीच्या वाहनतळात धामण निघाली की सर्पमित्राला फोन जातो, तो ती पकडून कुठेतरी सोडतो आणि विषय संपतो. तो फोन गेला त्या दिवसाची, त्या जागेची नोंद तुमच्या वहीत आली, तर कुठल्या बांधकामाने, कुठल्या नाल्याच्या काँक्रीटने त्यांना बाहेर काढले ते चार-पाच वर्षांत नकाशावर दिसेल. नाल्याला तळ आणि भिंती काँक्रीटच्या करण्याआधी तिथे काय राहते हे पाहायला मग कोणालाही कारण विचारावे लागणार नाही.

या कामाला निधीची वाट पाहू नका. गावात आठ-दहा फोन आहेत, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई किंवा गुरुजी आहेत, तालुक्यात एखादा जबाबदार सर्पमित्र आहे, जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा विभाग आहे. एक व्हॉट्सअ‍ॅप गट करा, त्यावर फक्त हात न लावलेले फोटो आणि आवाज टाकायचे असा नियम ठेवा, महिन्यातून एकदा बसून ओळखी पक्क्या करा, ज्यांची ओळख पटत नाही ते फोटो जाणकारांकडे पाठवा. गटात गुराखी, कातकरी, खत उपसणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या बायका यांना आवर्जून घ्या. सर्वांत जास्त पाहिलेले तेच लोक असतात, आणि आजवरच्या वह्यांत त्यांनाच कोणी विचारलेले नाही.

राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीने एका पावसाळ्यात निदान दहा प्रजाती फोटोंसह, स्थानिक नावांसह खऱ्याखुऱ्या नोंदवल्या, तरी देशात कुठे नाही अशी माहिती महाराष्ट्रापाशी जमेल, आणि ती गोळा करणारे लोक तिच्या राखणीलाही उभे राहतील.

तेव्हा १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. पान नव्याने लिहायचे, हात लावलेला फोटो घ्यायचा नाही, नाजूक ठिकाणे झाकायची, आणि पाठीमागे सर्पदंशाचा मजकूर छापायचा, असा ठराव करा. जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत तुमच्या गावात ही तयारी झालेली असावी, एवढीच विनंती.

कळावे,
आपली नम्र,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातली एक ग्रामस्थ